गायनाचार्य विष्णु दिगंबर आणि वाडीची दत्तजयंती



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे वाडीचे बेत सुरू होतात. कोणी रेल्वेने मिरजेला उतरतो, कोणी एसटीने कोल्हापूरकडून येतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान, मग पादुकांचे दर्शन, आणि सायंकाळी जन्मकाळ. जन्मकाळाचा गुलाल उधळला, सुंठवडा हातावर पडला, की वर्षाचे सार्थक झाले असे आपल्याला वाटते. त्या गर्दीत लहान मुले हमखास असतात. आई-वडील त्यांचा हात घट्ट धरून असतात, तरी ती निसटतातच.

साधारण एकशेचाळीस वर्षांपूर्वी अशाच एका दत्तजयंतीला शेजारच्या कुरुंदवाडचा एक मुलगा वाडीच्या उत्सवात होता. फटाके उडत होते. एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळे भाजले. गाव लहान, जवळ उपचाराची सोय नाही. मुलाची दृष्टी गेली.

त्या मुलाचे नाव विष्णु. वडील दिगंबर गोपाळ पलुस्कर, कीर्तनकार. मूळ आडनाव गाडगीळ, पण घराणे पलूस गावचे म्हणून पलुस्कर झाले. विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. आज ज्यांना सगळे हिंदुस्थानी संगीताचे जग पंडित विष्णु दिगंबर म्हणून ओळखते, तेच हे.

आपल्या वार्षिकात वाडीसंबंधी लेख येतात ते बहुतेक कृपेचे असतात. कोणाचे दुखणे गेले, कोणाला वाट सापडली, कोणाचे पोर वाचले. मी स्वतःही अशा हकिकती लिहिल्या आहेत. पण महाराजांच्या दारात, त्यांच्याच जन्मोत्सवात, एका कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे जावेत, ही गोष्ट माझ्या मनात पुष्कळ वर्षे सलत राहिली. काही जण म्हणतात, महाराजांनाच त्याला गायक करायचे होते, म्हणून हे घडवले. मला तसे म्हणवत नाही. भाजलेल्या पोराला घरी घेऊन जाणाऱ्या आईसमोर हे वाक्य बोलायची आपली छाती होईल का? जे झाले ते वाईटच झाले. त्यानंतर त्या मुलाने काय केले, ते मात्र सांगण्यासारखे आहे.

पुढे उपचाराने बरीचशी दृष्टी परत आली, पण डोळे अधू राहिले. शाळेचे शिक्षण, मग नोकरी, ही वाट बंद झाली. गळा मात्र चांगला होता. वडिलांच्या कीर्तनात मागे उभे राहून साथ करायची घरची सवय. तेव्हा गाणे शिकवावे असे ठरले आणि मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. हद्दूखाँ-हस्सूखाँची ही गायकी त्यांनी वासुदेवबुवा जोशींकडून घेतली आणि त्यासाठी तरुणपणी किती हाल सोसले याला हिशेब नाही. त्या काळी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, झाडलोट करायची, गुरूंची मर्जी लागली तर शिकायचे, नाही लागली तर ऐकत बसायचे. विष्णूने मिरजेत १८९६ पर्यंत, म्हणजे आठ-नऊ वर्षे, ही तालीम घेतली. मेहनत जबरदस्त. त्यांचा आवाज पुढे मैदानात हजारो लोकांपर्यंत पोहोचायचा आणि ते लाउडस्पीकरच्या आधीचे दिवस होते, त्याचे मूळ या मेहनतीत आहे.

मिरजेच्या दिवसांतली एक हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. गावात काही समारंभ होता. प्रतिष्ठित मंडळींना आमंत्रणे गेली. दरबारची मर्जी असल्यामुळे तरुण विष्णूलाही आमंत्रण होते, पण खुद्द बाळकृष्णबुवांना नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की गवई हा काही प्रतिष्ठितांत मोजायचा माणूस नव्हे. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो, त्यांची गावात किंमत काय, हे त्या दिवशी त्यांना कळले.

आजच्या वाचकांना हे अतिशयोक्तीचे वाटेल. पण आपल्या वयाच्या लोकांनी घरात आजी पाहिली आहे. माझ्या आजीचा गळा गोड होता म्हणतात. ती जात्यावर गायची, देवापुढे गायची, बस्स. पेटीला हात लावला असता तर घरात गहजब झाला असता. चांगल्या घरच्या मुलीने गाणे शिकायचे नाही, चांगल्या घरच्या मुलाने शिकले तर तो वाया गेला, अशी समजूत होती. गाणे ऐकायला सगळ्यांना हवे, गाणारा मात्र शेजारी नको.

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. दरबारात राहिले असते तर तनखा मिळाला असता, शालजोडी मिळाली असती. ते दोघा गुरुबंधूंना बरोबर घेऊन बाहेर पडले. सातारा, बडोदा, मग काठियावाड. राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले. आपल्याला यात काय विशेष असे वाटेल. पण तोवर गाणे ऐकायचे तर राजाच्या दरबारात किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात. सामान्य माणसाने चार पैसे देऊन मानाने खुर्चीवर बसावे आणि गवयाने कोणाची मर्जी न राखता गावे, ही गोष्ट नवी होती.

काठियावाडातून ते गिरनारला गेले. गिरनार म्हणजे काय ते दत्तभक्तांना सांगायला नको. त्या पायऱ्या चढताना गुडघे काय बोलतात हे मला ठाऊक आहे. तिथे त्यांची एका साधूची गाठ पडली आणि त्याने उत्तरेला, पंजाबकडे जाऊन कार्य करण्यास सांगितले, असे त्यांच्या चरित्रात येते. साधू कोण, कुठला, याचा शोध घेण्यात अर्थ नाही. कुरुंदवाडचा हा तरुण तिथून खरोखरच उत्तरेला गेला. ग्वाल्हेर झाले, मथुरेस राहून ब्रजभाषा शिकले (कारण चिजा त्या भाषेत, आणि अर्थ कळल्याशिवाय गायचे नाही हा बाणा), पुढे दिल्ली, जालंधर, आणि अखेर लाहोर.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. राजाचा आश्रय नाही, सरकारी मदत नाही. लोकांची वर्गणी, विद्यार्थ्यांची फी आणि बुवांच्या जलशांचे उत्पन्न यावर चालणारी संगीताची शाळा. वेळापत्रक, हजेरी, इयत्ता, परीक्षा, पदवीदान समारंभ. जे इंग्रजी शाळेत असते ते सगळे गाण्याच्या शाळेत. गाव परका, भाषा परकी. आरंभी विद्यार्थी अगदी थोडे. तरी बुवा वेळेवर वर्गात येऊन तंबोरे जुळवून बसत.

शाळा नुकती कुठे सुरू झाली होती, तोच घरून वडील गेल्याची बातमी आली. ते गेले नाहीत. शाळा बंद ठेवली तर जमू लागलेले विद्यार्थी पांगतील, म्हणून लाहोरलाच राहिले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. ज्या वडिलांनी बोटाला धरून कीर्तनात उभे केले, त्यांच्या क्रियाकर्माला मुलगा नाही! आपल्यापैकी कोणाला हे पटणार नाही, मलाही पुरते पटलेले नाही. पण त्यांनी ते केले, आणि ते लपवून त्यांचे चरित्र सांगणे बरोबर नाही.

लाहोरची शाळा वाढली. गाणे कागदावर लिहिता यावे म्हणून त्यांनी स्वरलिपी तयार केली. स्वतःचा छापखाना काढला. मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके निघाली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक निघाले. गवयांची वही म्हणजे तिजोरी असे; बापाने मुलाला द्यायची, तीही जीव जाताना. बुवांनी चिजा छापून चार-दोन आण्यांना बाजारात ठेवल्या. जुन्या गवयांना हे आवडले नाही, यात नवल नाही. शृंगारिक शब्द काढून त्या जागी भक्तीचे शब्द घालण्याची त्यांची रीतही सर्वांना पटली नाही. याच काळात पं. भातखंडे दुसऱ्या वाटेने संगीतशास्त्राचे मोठे काम करत होते. त्यांची स्वरलिपी वेगळी, विचार वेगळे. दोघांच्या अनुयायांत पुढे पुष्कळ वाद झाले. आपण दोघांनाही नमस्कार करावा, त्या वादात पडू नये.

माझ्या मते बुवांचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्यांचा ‘उपदेशक’ वर्ग. गायक तयार करणे निराळे आणि शिक्षक तयार करणे निराळे, हे त्यांनी ओळखले. होतकरू मुले निवडायची, नऊ वर्षांचा करार करायचा, राहणे-जेवणे-शिकणे सगळे मोफत. त्याबदल्यात मुलाने शिकून पुढे शिकवायचे. पहाटे उठणे, रियाज, ठरलेली कामे, व्यसन अजिबात चालायचे नाही, कपडे स्वच्छ, बोलणे अदबीचे. गवई म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येई ते पुसून टाकायचे, हा यामागचा हेतू. शिस्त कडक होती. काही मुले पळूनही गेली असतील. पण जी टिकली ती पाहा.

१९०८ च्या दसऱ्याला मुंबईत शाखा निघाली आणि बुवा तिकडे आले. मुंबईत विद्यार्थी भरपूर, स्त्रियांसाठी वेगळे वर्ग, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखानाही. मग सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत बांधायचे ठरले, आणि इथे कर्ज आले.

आता मी आयुष्यभर बँकेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे इथे मला बोलल्यावाचून राहवत नाही. मी कारकून. मंजुरी साहेबांची, पण टिपण आम्हीच लिहीत असू. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी प्रतिकूल शेरा मारला असता. जमेकडे फी, पुस्तकांची विक्री आणि जलसे. नावेकडे वसतिगृहातल्या मुलांचे दोन वेळचे फुकट जेवण, शिक्षकांचे पगार, छापखाना, आणि वर इमारतीचे व्याज. जलसे सोडले तर बाकीची जमा खर्चाला पुरणारी नव्हती. म्हणजे खरे तारण काय, तर एका माणसाचा गळा. तो माणूस गावोगाव फिरून गात राहील तोवर हप्ते जाणार. आजारी पडला, दौरा फसला, की थकबाकी. आणि व्याजाला रविवार नसतो.

झालेही तसेच. बुवा वर्षानुवर्षे दौऱ्यावर राहिले, मिळवले ते कर्जात ओतले, तरी कर्ज फिटले नाही. शेवटी इमारत लिलावात गेली. फुकट जेवणारी मुले कमी केली असती तर इमारत वाचली असती का? कदाचित. मी खूपदा कागदावर मांडून पाहिले आहे, म्हणजे आकडे नसताना नुसत्या बाबी मांडून. दर वेळी त्याच एका बाबीवर येऊन अडतो. ती मुलेच तर सगळी मिळकत होती.

दरम्यान ते राष्ट्रीय चळवळीशीही जोडले गेले होते. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांचा. १९२३ साली काकीनाड्याला व्यासपीठावरून गाण्याला हरकत घेतली गेली, तरी त्यांनी गीत पुरे केले. आपण प्रार्थनेत जी रामधून म्हणतो, तिची चालही त्यांचीच मानतात.

उत्तरायुष्यात बुवा रामभक्तीत बुडाले. भगवे वस्त्र घेतले, तुलसीरामायणावर प्रवचने करू लागले, नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापला. राग गाता गाता रामनामावर येत आणि तिथेच रमत. काही रसिक हळहळले, की मोठा गवई हातचा गेला. मला वाटते, कीर्तनकाराचा मुलगा फिरून कीर्तनावर आला.

घरचे दुःखही होते. बारा अपत्ये झाली, जगले एकच, असे सांगतात. त्या एकाचा जन्म १९२१ चा. त्याचे नाव ठेवले दत्तात्रेय. ज्या उत्सवात डोळे गेले त्याच देवाचे नाव! पित्याचे नाव दिगंबर, पुत्राचे दत्तात्रेय, आणि मध्ये हा विष्णु. नाव ठेवताना त्यांच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण मला ज्या गोष्टीचा सल होता, ती त्यांनी मनात धरली नव्हती, एवढे त्या नावावरून मला तरी कळते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ. दत्तात्रेय त्या वेळी अवघा दहा वर्षांचा. गाण्याची तालीम बापाकडून घ्यायचे वय यायच्या आतच बाप गेला.

पण करार केलेली मुले होती ना! विनायकराव पटवर्धन हे बुवांचे शिष्य. ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नामांकित नट होते. १९३२ साली त्यांनी रंगभूमी सोडली आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. दत्तात्रेयाला त्यांनी आणि नारायणराव व्यासांनी शिकवले. नारायणरावांच्या तबकड्या त्या काळी घरोघर वाजत. गुरूचे देणे गुरूच्या मुलाला परत करायचे, असा तो व्यवहार. हाच मुलगा पुढे डी. व्ही. पलुस्कर झाला. त्यांची भजने आपल्यातल्या कित्येकांनी रेडिओवर ऐकली असतील. गोड, सात्त्विक, एक स्वर इकडे-तिकडे नाही. १९५५ च्या ऑक्टोबरात, चौतीस वर्षांचे असताना, तेही गेले. तो विषय निघाला की आमच्या पिढीचे जाणकार अजून गप्प होतात.

बाकीच्यांची नावे घ्यायची तर पान पुरणार नाही, तरी तीन-चार सांगतो. ओंकारनाथ ठाकूर ऐन विशीत लाहोरच्या शाळेचे प्रमुख झाले आणि पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय त्यांनी उभे केले. नारायण मोरेश्वर खरे यांना बुवांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात पाठवले. आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते गात गात चालले. बा. र. देवधरांनी मुंबईत शाळा काढली, आणि त्यांच्याकडे शिकायला आलेला एक छोटा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीला गांधर्व महाविद्यालय स्थापले. म्हणजे लाहोरच्या झाडाची फांदी दिल्लीला लागली, आणि फाळणीत लाहोर गेले तरी फांदी राहिली.

बुवा गेले त्याच वर्षी, १९३१ साली, अहमदाबादेत शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत लिलावात गेलेली, गुरू गेलेले, आणि शिष्य जमून काय करतात, तर परीक्षा घ्यायचे ठरवतात! प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. ही नावे आता इतकी ओळखीची झाली आहेत की त्यामागे कोणी माणूस होता हे आपल्या ध्यानातही येत नाही. कोणी म्हणतात या परीक्षांनी पोपट तयार होतात, गवई होत नाहीत. असेल. सगळेच तानसेन होत नाहीत, पण गावोगाव ऐकणारे कान तयार झाले, आणि मुलींना गाणे शिकण्याची लाज उरली नाही. माझी आजी आज असती तर तिने कोणती परीक्षा दिली असती, असा विचार मनात येतो.

आपल्या मंदिरात दर गुरुवारी भजनाला ज्या ताई पेटी घेऊन बसतात, त्यांना मी एकदा सहज विचारले, कुठे शिकलात? म्हणाल्या, तालुक्याच्या गावी एक सर होते, ते मिरजेला शिकलेले. सरांचे गुरू कोण? त्यांना नाव सांगता आले नाही. पण ताईंनी पिशवीतून जुनी वही काढून दाखवली. रागाचे नाव, खाली आरोह-अवरोह, मग मात्रांच्या घरात बसवलेले स्वर, अगदी आमच्या लेजरच्या रकान्यांसारखे. ती स्वर लिहिण्याची रीत मी ओळखली.

यंदा जन्मकाळानंतरच्या पालखीला त्यांच्या तीन विद्यार्थिनी गाणार आहेत. एक आठवीत आहे, मध्यमाला बसली आहे. पालखी निघण्याच्या वेळी मंदिरासमोर फटाके लावू नयेत, एवढी विनंती मी उत्सव समितीला लेखी दिली आहे. समितीने ती मान्य केली आहे.